नवव्या रांगेतून

माझ्या नवऱ्याला वाटतं, त्या शनिवारी मी मॅचवरून लवकर घरी आले ते डोकं दुखत होतं म्हणून. सुधीर अजूनही कधीतरी चिडवतो, "तुझ्या टीमनं तुला मायग्रेन दिला." मी हसते. पाच वर्षं हसतेय. खरं काय झालं ते त्याला माहीत नाही, माझ्या मुलीला नाही, अकोल्याला असलेल्या बहिणीलाही नाही. तिला तर मी काय भाजी केली तेही रोज सांगते. हे मात्र नाही. आज पहिल्यांदाच कुणापुढे तरी मांडतेय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय बहुतेक.

मला बघितलंत तर तुम्हाला पटणार नाही. पाच फूट एक इंच उंची, जाड चष्मा. हॉस्पिटलच्या आयटीत नोकरी. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला मोदक कुणी करायचे असा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. लहान मुलं मला मीनामावशी म्हणतात. मी कधी कुणावर आवाज चढवल्याचं मंडळात कुणाला आठवणार नाही.

कारण मी तो दुसरीकडे चढवायचे.

मी तेविसाव्या वर्षी अमेरिकेतल्या या गावात एमएस करायला आले. युनिव्हर्सिटीचं गाव, ऑक्टोबरपासूनच हाडं गोठवणारी थंडी, ओळखीचं कुणी नाही. एका रूममेटकडे जास्तीचं तिकीट होतं म्हणून बास्केटबॉलच्या मॅचला गेले. नियम कळत नव्हते. शेवटच्या सेकंदाला आमच्या एका पोरानं बॉल टाकला, तो जाळीतून सुळकन खाली आला, आणि शेजारच्या अनोळखी बाईनं मला कडकडून मिठी मारली. दोन महिन्यांत मला कुणी हात लावला नव्हता. मी रडले. तेव्हापासून ती टीम माझी. लग्न झालं, नोकरी लागली, ग्रीन कार्ड आलं, तसं मी सीझनचं तिकीट घ्यायला लागले. नववी रांग, आमच्या टीमच्या बेंचच्या मागे थोडं डावीकडे. — हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. इतक्या जणांना इतक्या मॅचेस आवडतात, ते सगळे काय माझ्यासारखं करतात?

माझ्या शेजारच्या सीटवर वॉल्टर बसायचा. सत्तरीचा काळा माणूस, उंच, खांद्यात थोडा वाकलेला. आयुष्यभर टपाल वाटलं आणि निवृत्त झाल्यावर आमच्या घराजवळच्या शाळेच्या चौकात पोरांना रस्ता ओलांडून द्यायचा. पिवळं जाकीट, हातात थांबायची पाटी. शंभर तरी पोरांची नावं त्याला पाठ होती. अकरा सीझन आम्ही कोपराला कोपर लावून बसलो. तो शेंगदाणे सोलून अर्धे माझ्या हातावर ठेवायचा. मी चिवडा न्यायचे. त्याला तो फार आवडायचा, खाताना डोळ्यांतून पाणी यायचं तरी.

मग आमचे जुने कोच नोकरी सोडून गेले आणि हा नवा आला.

टीम तेव्हा पार रसातळाला गेली होती. सहा वर्षांत एकदाही मोठ्या स्पर्धेत पोहोचलो नव्हतो. नव्या कोचनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "मी हे मुळापासून बांधणार आहे. मला तीन वर्षं द्या." आम्ही टाळ्या वाजवल्या. पण ऐकलं कुणी? आम्हाला नोव्हेंबरातच जिंकायचं होतं. त्यानं बेशिस्त पोरांना बेंचवर बसवलं, तर अर्धी पोरं दुसऱ्या कॉलेजांत निघून गेली. उरली ती कोवळी, अठरा-एकोणीस वर्षांची. आम्ही हरत गेलो. पंधरानं, बावीसनं, घरच्या मैदानावर सुद्धा.

फॅन लोकांची एक वेबसाइट होती. तिथं मी खोट्या नावानं लिहायचे. ते नाव बघून कुणालाही मी एखादा धिप्पाड, बियर पिणारा गोरा बाप्या वाटले असते. दुपारी लंच ब्रेकमध्ये, पोळीभाजी खात खात, मी त्या कोचला फाडायचे. सुरुवातीला खेळाबद्दल. मग त्याच्या तोंडाबद्दल, चालण्याबद्दल. मग लिहिलं, याला कुणीतरी धरून हाणला पाहिजे. त्याचे गुडघे फोडले पाहिजेत, म्हणजे हरणाऱ्या माणसाला कसं वाटतं ते कळेल. खाली चारशे लोकांनी वाहवा केली. चारशे! मंडळात माझ्या मोदकांना चारशे लोकांनी कधी वाहवा केली होती?

डिसेंबरात कुणीतरी त्याच्या घराबाहेरची टपालपेटी बॅटनं चेचली आणि फोटो टाकला. पत्रा आत गेला होता, खांब मोडून पडला होता. मी तो फोटो मोठा करून बघितला. खरं सांगू? अंगात एक गरम, गोड असं काहीतरी पसरलं. मी खाली लिहिलं — पुढच्या वेळी पेटी नको, डोकं.

वॉल्टरला यातलं काही माहीत नव्हतं. तो मॅचला आपला म्हणायचा, "माणूस बरोबर करतोय, मीना. घर बांधताना आधी खड्डाच दिसतो." मला त्याचाही राग यायचा. शेंगदाणे घ्यायचे आणि मनात त्याला म्हातारा मूर्ख म्हणायचे.

आता त्या शनिवारकडे यायला हवं. मी मुद्दाम लांबवतेय, हे मला कळतंय.

जानेवारी होता, दुपारची मॅच. समोर आमचे जन्माचे वैरी, शेजारच्या राज्यातले. हाफटाइमपर्यंत आम्ही एकतीसनं मागे. एकतीस. दहा-अकरा हजार माणसं उभी राहून शिव्या देत होती. आधी नुसता गोंगाट असतो, मग सगळ्यांचा श्वास एकच होतो आणि त्या एका छातीतून एक जनावर ओरडतं. माझ्या मागची बाई किंचाळत होती, "मरून जा!" मीही तेच ओरडत होते, घसा सोलून निघाला होता. वॉल्टर उभा राहिला. मागे वळून, दोन्ही हात वर करून तो लोकांना सांगत होता, "बसा, बसा, पोरं ऐकतायत ती."

दुसरा हाफ सुरू झाला तरी तो तसाच उभा होता, आणि आमचा एक खेळाडू घोटा मुरगळून पडला. पोरांच्या दुखापती बघणारी टीमची ट्रेनर धावली. केल्सी नाव तिचं, पंचविशीची असेल, पोनीटेल बांधलेली. ती त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली. कोच त्यांच्या शेजारी उभा होता आणि पंचाशी काहीतरी बोलत होता. बोलताना त्याचे दात दिसले.

हसतोय हा. मला वाटलं, हा हसतोय.

कोटाच्या खिशात माझी पॉवर बँक होती. फोन चार्ज करायची ती, काळी, विटेच्या तुकड्याएवढी जड. मी ती कधी बाहेर काढली ते मला आठवत नाही, असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण आठवतं. तिची गार कड आठवते. खांदा मागे नेला तो आठवतो. त्याच्या डोक्याचा नेम धरला होता. माझ्या मनात एकच शब्द होता — फूट.

ती कोचला लागली नाही. केल्सीनं त्याच क्षणी मान वर केली.

आवाज मला ऐकू आला नाही, तेवढ्या गोंगाटात येणं शक्यच नव्हतं. पण ती एका बाजूला कलंडली, आणि हात चेहऱ्यावर गेला, आणि बोटांच्या फटींतून रक्त आलं. त्या चकचकीत पिवळ्या लाकडावर ते फार लाल दिसलं. पडलेला खेळाडू स्वतःचा पाय विसरून तिला धरून ओरडायला लागला. सगळं स्टेडियम एकदम गप्प झालं. मी खाली बसले. हात मांडीवर ठेवले, एकावर एक, कीर्तनाला बसावं तसे.

सिक्युरिटीवाले पळत आमच्या रांगेत आले. मागची बाई वॉल्टरकडे हात करून ओरडली, "यानं! याचा हात वर होता!" वॉल्टर अजून उभाच होता. हात वर होते त्याचे, लोकांना बसवायला. दोघांनी त्याला धरला. तो म्हणाला, "थांबा, थांबा, मी नाही," आणि एकानं त्याचा दंड पिरगाळून त्याला खुर्चीच्या पाठीवर आपटला. त्याचा चष्मा माझ्या पायाशी पडला. लोकांनी त्याच्यावर पाण्याचे कप फेकले. कुणीतरी त्याला जनावर म्हणालं. कुणीतरी त्याहून वाईट शब्द वापरला, तो मी लिहिणार नाही.

तिथंच मी बोलायला हवं होतं. पण कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एवढीशी भारतीय बाई, टीमच्या रंगाचा स्वेटर, चष्मा. माझ्याकडे कोण बघणार?

इथंपर्यंत मी स्वतःला कधीकधी सांगते. रात्री झोप आली नाही तर इथंपर्यंत येते आणि थांबते. रागाच्या भरात हात चालला, घाबरले, गप्प राहिले. माणूस गप्प राहतो. पण ते तेवढंच नव्हतं.

बाहेरच्या पॅसेजमध्ये एक तरुण पोलीस होता, बोलायला सभ्य. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "मॅडम, तुम्ही त्यांच्या अगदी शेजारी होतात. कॅमेऱ्यात वर गेलेला हात दिसतोय, पण नक्की कळत नाहीये. तुम्ही बघितलंत?"

मला म्हणता आलं असतं, नाही बघितलं. तेही खोटंच होतं, पण त्यानं वॉल्टर कदाचित सुटला असता.

मी म्हणाले, "हो."

"त्यांनीच फेकलं?"

"हो."

त्यानं लिहून घेतलं. मी सही केली. मराठीत करते तशी, वळणदार. मग पार्किंगमध्ये जाऊन गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडलं आणि घरी आले. सुधीरनं विचारलं, "लवकर?" मी म्हणाले, "डोकं दुखतंय."

केल्सीच्या गालाचं हाड मोडलं होतं. डोळ्याची दोन ऑपरेशनं झाली, पण डाव्या डोळ्यानं तिला आता फक्त उजेड-अंधार कळतो. तिनं नोकरी सोडली. वॉल्टरला वकिलानं, साक्षीदाराचं नाव न घेता, सांगितलं, साक्ष आहे, कॅमेरा आहे, लढलास तर तुरुंगात जाशील, कबूल कर म्हणजे घरी राहशील. न केलेला गुन्हा त्यानं कबूल केला. स्टेडियमला कायमची बंदी. आणि मारहाणीचा गुन्हा नावावर असलेल्या माणसाला शाळा पोरांजवळ कसं उभं करणार? पिवळं जाकीट गेलं. मी त्या चौकातून ऑफिसला जायचे. दुसऱ्या रस्त्यानं जायला लागले.

एप्रिलमध्ये मी त्याच्या घरी गेले. सांगायचंच ठरवून गेले होते, शपथेवर सांगते — पण माझ्या शपथेची किंमत तुम्हाला आता कळलीच आहे. दार त्याच्या बायकोनं उघडलं. लॉरेन. वॉल्टर आतून आला, ड्रेसिंग गाऊनमध्ये, फार वाळलेला. मला बघून त्याचा चेहरा उजळला. बायकोला म्हणाला, "अगं, हीच ती मीना. माझ्या शेजारची. त्या मागच्या बाईनं खोटं सांगितलं, पण हिनं खरं सांगितलं असणार, मला माहीत आहे."

लॉरेननं मला मिठी मारली. घट्ट. मी मारू दिली. मग मी त्यांच्या टेबलाशी बसून रताळ्याची गोड पाई खाल्ली, आणि वॉल्टरनं विचारलं तेव्हा टीमचे सगळे स्कोअर सांगितले. कोचला ठेवलं का? ठेवलं, मी म्हणाले. "चांगलं झालं," तो म्हणाला.

कोचची टीम तिसऱ्या वर्षी उभी राहिली. आम्ही मोठ्या स्पर्धेत गेलो. मी उड्या मारल्या, ओरडले, शेजारी बसणाऱ्या नव्या जोडप्याला मिठ्या मारल्या. हो, मी तिकीट सोडलं नव्हतं.

वॉल्टर या फेब्रुवारीत गेला. हृदय थांबलं, झोपेत. चर्चमध्ये लॉरेननं मला घरच्यांबरोबर पुढच्या बाकावर बसवलं, आणि म्हणाली, दोन शब्द बोल, त्याला बरं वाटेल. मी उठले. समोर साठ-सत्तर माणसं होती. त्याचे भाऊ, टपाल खात्यातले जुने मित्र, त्यानं रस्ता ओलांडून दिलेली आणि आता मोठी झालेली पोरं. माईक माझ्या उंचीला खाली करून दिला कुणीतरी. एक वाक्य पुरलं असतं. तिथंच, त्या सगळ्यांसमोर त्याचं नाव धुऊन निघालं असतं. गेल्यानंतर का होईना.

मी म्हणाले, वॉल्टर फार शांत माणूस होता. त्यानं कधी कुणाला दुखवलं नाही.

लोक "आमेन" म्हणाले. मी येऊन लॉरेनच्या शेजारी बसले. तिनं माझा हात हातात घेतला, उजवा, आणि शेवटपर्यंत धरून ठेवला.

कोर्टाच्या कागदावर त्या गुन्ह्यापुढे अजून त्याचंच नाव आहे. फेकलं मी.