सवतीचं गोंदण

अंगारे-धुपारे, भुतंखेतं, झपाटणं... यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. वडील अलिबागला शाळामास्तर. कुणी दृष्ट काढली, तर मिरच्या फुकट घालवल्या म्हणून ओरडायचे. मी त्यांचीच मुलगी. तरी हे घडलं — माझ्याच हनुवटीवर.

एकोणीसशे तीसच्या पुढचे दिवस. आपल्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. बोर्ली पंचतनजवळच्या एका भातशेतीवाल्या घरात मला बिजवराला दिली. पहिली बायको सावित्री तापाने जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी तिला कधी पाहिलेलं नाही, घरात फोटोही नव्हता. आल्या आल्या सासूबाईंनी सवतीचा टाक पुढे केला. मेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा छोटासा पत्रा — दुसरीने तो गळ्यात घालायचा, म्हणजे पहिली त्रास देत नाही.

मी म्हटलं, "मेलेल्या बाईला गळ्यात बांधून मी नाही मिरवणार!"

"बरं बाय. मंग गोंदून तरी घे. कोऱ्या तोंडाच्या सुनेच्या हातचं पानी मी प्यायची न्हाय."

दोन्हीला नाही कसं म्हणणार? गोंदून घ्यायला कबूल झाले.

गोंदणारी बोर्लीच्या बाजारात बसली होती. घाटावरची, आमच्याकडे पहिल्यांदाच आलेली. मी तुळशीचं पान सांगितलं. तिने आधी काडीने काजळीचं पान रेखाटलं. सासूबाईंनी पाहिलं, शेजारच्या काशीबाईंनी पाहिलं. मग सुया. डोळ्यांतून घळाघळा पाणी. हळद माखून घरी आलो.

पाच दिवस हनुवटी सुजलेली. सहाव्या दिवशी भांडी घासताना खपली पडली. समोरून सासूबाई आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि हाताला धरून मला उजेडात नेलं.

"ह्ये... ह्ये सावित्रीचं गोंदान हाय."

आरसा आणला. पान नव्हतंच! तीन ठिपके, आणि त्याखाली डावीकडे कललेली चंद्रकोर.

मी भडकले. "तुम्हीच शिकवलंत त्या बाईला!" त्यांनी पोराची आण घेतली. एकुलता एक पोरगा, म्हणजे माझा नवरा. त्याची खोटी आण त्या घेणार नाहीत, हे मलाही ठाऊक होतं.

पुढे बाजारात बायका थांबून थांबून बघायच्या. पदर तोंडावर ओढला, की आणखी बघायच्या. एकदा माहेरी निघाले, तर आगरदांड्याच्या होडीत एका सुकट विकणाऱ्या म्हातारीने माझी हनुवटीच धरली. "अगो सावित्रे! तू तं गेलीस म्हनत व्हते!" मी ती नव्हे म्हटलं, तर रागावली. "वलख इसरलीस व्हय?" होडीतले सगळे माझ्याकडे बघत होते. मेलं, मला रडूच फुटलं.

चुना लावला, पपईचा चीक लावला. कातडी भाजली, चंद्रकोर तशीच. अलिबागचे डॉक्टर म्हणाले, "आता हे जन्माचं."

सासूबाई मात्र खूष. माझ्या हातचं पाणी घटाघटा पिऊ लागल्या. टाक सोनाराकडे देऊन आटवला — आता त्याची गरज काय!

आणि नवरा? लग्नापासून त्याने मला धड पाहिलं नव्हतं. आता जेवताना टक लावून बघायचा. बाजारातून अबोलीचे गजरे आणायचा. मला अबोली आवडत नाही, हे त्याला कोण सांगणार? सुरुवातीला मी वेडी हुरळले. मग लक्षात आलं, त्याची नजर हनुवटीच्या वर चढतच नाही.

काजळीचं पान चंद्रकोर कसं झालं, हे मला आजही कळलेलं नाही. काशीबाई मरेपर्यंत सांगत होत्या, "पानच व्हतं गो." वडिलांनाही उत्तर सापडलं नाही.

चाळीस वर्षं संसार केला. आमच्या काळी नवरा बायकोला नावाने हाक मारत नसे, "अगं" म्हणायचा. शेवटच्या दिवशी मात्र त्याने माझ्या हनुवटीवर बोट ठेवलं आणि पहिल्यांदाच नाव घेतलं.

माझं नाव दुर्गा. ते त्याने घेतलं नाही.