दोन तासांत येते

बेंगळुरू ते नागपूर आकाशातून नऊशेक किलोमीटर, विमानाने दोन तास. हे मी मायला इतक्यांदा ऐकवलं होतं की अहेरीच्या बाजारात ती भाजीवालीलाही सांगायची, "माही पोरगी दोन तासात घरी येते!" मला ते ऐकून कोण आनंद व्हायचा. पण विमानतळावरची रांग, नागपूरहून अहेरीपर्यंतचा सहा-सात तासांचा रस्ता, हे मी साफ गिळून टाकायची. का? फुशारकी, दुसरं काय! उचलली जीभ लावली टाळ्याला. सुट्टीत जायची तीही न कळवता, त्यामुळे तिनं कधी घड्याळ पाहिलंच नाही.

मायचा एक हट्ट होता. कुणी घराकडं यायला निघालं असेल, तर घर सोडायचं नाही. "वाटेवरच्या माणसाले कुलूप दाखवू नये," म्हणायची. मावसभाऊ येणार म्हणून सावली गावातलं एक लग्न तिनं खुशाल बुडवलं होतं.

त्या दिवशी सकाळी नऊला शेजारच्या भाऊंचा फोन आला. मायच्या छातीत दुखत होतं, डॉक्टरांनी ताबडतोब चंद्रपूरला न्यायला सांगितलं होतं, भाऊंची जीप दारात उभी होती. मी म्हटलं, मायला फोन द्या. तिचा आवाज बारीक झाला होता.

"घाबरू नको माय, मी निघालीच. दोन तासांत येते."

एवढं बोलून फोन ठेवला आणि टॅक्सीकडं पळाली. चंद्रपूरला जा, मी तिथंच येते, एवढं साधं वाक्य तोंडातून निघालं नाही. जळो माझं तोंड!

दुपारी दोनला नागपुरात उतरल्या उतरल्या भाऊंना फोन लावला. "पोचले का चंद्रपूरले?"

"नाई ना बाई, घरीच हावो. माय म्हणते, पोरगी दोन तासात येऊन राह्यली, तिच्यासंगच जाईन. जीपमध्ये बसतच नाई. तुमचा फोन बी बंद!"

मी भर विमानतळावर ओरडली, "उचलून टाका तिले गाडीत!" ते निघाले. इकडून मीही निघाली. वाटेत गोंडपिपरीच्या पुढं मायनं जीपमध्येच मान टाकली. मला ती दिसली ती चंद्रपूरच्या दवाखान्यात, चादरीखाली. पायांत बाजाराला घालायची चप्पल होती, कंबरेला घराची किल्ली.

भाऊ भिंतीला टेकून रडत होते. "बाई, मी म्हातारीचं आयकलंच काऊन? जबरदस्तीनं नेलं असतं तं वाचली असती." मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, "तुमचं इमान उशिरा सुटलं का?"

मी म्हटलं, "हो भाऊ, लय उशीर झाला त्याले."

विमान वेळेवर सुटलं होतं. दोन तासांत पोचलंही होतं. भाऊ अजून स्वतःलाच दोष देतात, आणि मी अजून त्यांना खरं सांगितलेलं नाही.