मधला एक व्होल्ट

"व्हय म्हाराजा!" शेवंतीकाकीने तिसऱ्यांदा साथ दिली आणि तुळशीपुढे ठेवलेला दिवा विझला.

शिवाकाकाचे हात जोडलेलेच राहिले. नवी वस्तू समुद्रात नेण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालायचं, हा त्याचा नेम. दुपारपासून गुमान लुकलुकणारा सेलवरचा दिवा नेमका गाऱ्हाण्यात गळपटला.

"रसिका, देवापुढे ह्येची ही गत, तर दर्यात काय उजेड पाडतलो?"

रसिकाने दिवा उचलून घेतला. मालवणच्या बाजारात तिचं दुरुस्तीचं दुकान होतं, पण स्वतः बनवलेली ही पहिलीच वस्तू. गेल्या महिन्यात काळोखात कुठलीशी होडी शिवाकाकाच्या जाळ्यावरून गेली आणि जाळं फाटून गेलं. आता एकच उरलं होतं. उद्या संध्याकाळी ते पाण्यात जायचं होतं, आणि त्याच्या तरंगत्या बोयावर हा दिवा.

सकाळी दुकानात तिने डबी उघडली. शिवाकाका समोरच्या स्टुलावर बसून होता.

"सेल संपलो?"

"नाय काका. पावणेचार व्होल्ट आसत. दिवो लुकलुकवणाऱ्या चिपेक तीन पुरतत." तिने तीन पायांच्या काळ्या तुकड्यावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. "हो रेग्युलेटर. चिपेक बेतान वीज देवचा ह्येचा काम. पण मधल्यामधे एक व्होल्ट हो स्वतःच खाता."

"काकीसारखो. वाढता वाढता चाखता!"

"सांगतंय हां मी काकीक!"

"मगे असलो खादाड घेतलंस कित्या?"

"तुमच्यामुळे!" रसिका उसळली. "होडयेत इलेली वस्तू तुमी पयली बारा व्होल्टच्या बॅटरेक लावतास. रेडिओ जाळलात, माजो चार्जर जाळलात. बारा सोसतलो म्हणान हो घेतलंय."

आणि तिने तो तपासलाही तसाच, दुकानातल्या जुन्या गाडीच्या बॅटरीवर. बारातला एक गेला तर कुणाला कळतो? छोटा सेल भरलेला होता तोवर भागलं; तो पावणेचारावर उतरला आणि त्यातला एक गेला, की मागे उरतात पावणेतीन.

तिने ड्रॉवरमधून दुसरी पुडी काढली. हा रेग्युलेटर नाजूक. सेलमध्ये चिपला लागतं त्याहून पाव व्होल्ट जास्त असला, तरी याचं भागतं. दिवा दिवसभर झोपला तरी हा सेलमधून जवळजवळ काही घेत नाही. फक्त सहा व्होल्टच्या वर दिलं, की मेला. म्हणजे शिवाकाकाच्या हातात एक दिवसही टिकणार नाही.

तिने पुडीकडे पाहिलं, मग काकाच्या हातांकडे. मग तिने नाजूकच लावला, चार्जिंगसाठी बाहेर काढलेल्या दोन्ही वायरी मुळापासून कापल्या आणि त्यांचं डबीतलं भोक लांबी भरून बुजवलं.

"वायर खंय गो?"

"नाय. चार्ज करूक हंय दुकानात आणायचो, मी डबी उघडून करतलंय."

"माज्यार विश्वास नाय?"

"तुमच्यार आसा. तुमच्या हातांर नाय."

जाळं पाण्यात गेलं. दुसऱ्या दिवशी रसिकाचं दुकानात लक्ष लागेना. तिने एकाच मिक्सरचं झाकण दोनदा उघडून दोनदा लावलं.

ऊन वर आल्यावर शिवाकाका आला. हातातल्या पिशवीत बांगडे, आणि बांगड्यांच्या मधून उजेड लुकलुकत होता.

"जाळा?" तिने उठतच विचारलं.

"अख्खा आसा. एक होडी सरळ येय होती, दिवो बघून वळसो घालून गेली." त्याने पिशवी टेबलावर ठेवली. "आता विझव ह्येका. बाजारभर लोक माज्या बांगड्यांकडे बघीत होते."

तिने दिवा पुसून बटण दाबलं. शिवाकाका पायरी उतरला आणि थांबला.

"सांजेक येवन जा गो. गाऱ्हाणा अर्धाच रवला. दिवो घेवन ये."