सीमेपलीकडची म्हातारी

मी मुळात भांडकुदळ. म्हणून दादानं खेळात मला योद्धा दिला, आणि तोही शपथेनं बांधलेला. खोटं बोलायचं नाही, शरण आलेल्याला मारायचं नाही आणि वाईट दिसलं की सोडायचं नाही. "तुझ्यासाठीच जन्मला हा," दादा म्हणाला. त्यात कौतुक किती अन् टोमणा किती, ते मला आजही सांगता येणार नाही.

हा खेळ दादानं पुण्याच्या हॉस्टेलातून आणला. त्याला ना पट, ना सोंगट्या. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. राक्षस, जंगलं, जादूगार, सगळं तोंडीच. काही अवघड करायचं असलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर फजिती. इंजिनिअर होऊन दादा परत शेतीवर आला, आणि यंदा दिवाळीनंतर धान घरात आलं तसं दर रविवारी दुपारी ओसरीत चटई पडायला लागली. आई तांदूळ निवडता निवडता बोलायची, "लेकराइचे मायबाप व्हाचे दिवस आले अन् राक्षस राक्षस खेळून राहिले!"

गोष्ट सांगणारा दादा, खेळणारे आम्ही तिघं. मी, वहिनी आणि दादाचा गोंदियाचा दोस्त. दोस्त जादूगार. वहिनी चोरटी. कुलूप उघडणं, भिंतीवरून उडी मारणं, असली कामं तिच्याकडे. एरवी घरात तोंडातून शब्द न काढणारी वहिनी खेळात अशी काही बोलायची की दोस्त म्हणायचा, "भाभी, आप तो खतरनाक हो!"

खेळाचं खरं कारण मला माहीत होतं, दादानं सांगितलं नाही तरी. आई आणि वहिनी कामापुरतंही धड बोलत नव्हत्या. दादाला वाटलं, निदान आठवड्यातून एकदा सगळे एका ओसरीत बसतील.

बोलणं तुटलं त्याला दोन वर्षं झाली. दादाचं लग्न झालं त्याच वर्षी आमचा एक बैल गेला आणि बाबांना लकवा मारला. आता बाबा काठीनं चालतात, पण तेव्हा ते उठतील असं कोणालाच वाटत नव्हतं. शेजारच्या बायांना काय, विषयच मिळाला. "पांढऱ्या पायाची आली." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्याकडे दारात लावलेल्या पळसाच्या फांद्या उचलून गावाच्या सीमेपार फेकतात, घरातली सगळी इडापिडा त्यांच्यासोबत हाकलतात; ती इडापिडा नेणारी म्हणजे मारबत. त्या सकाळी आई दारातून फांद्या घेऊन निघाली आणि गल्लीभर ओरडत गेली, "खोकला, खाज, ढेकून, मच्छर घेऊन जा गे मारबत!" आणि मग, मागच्या बाया ऐकत होत्या तेव्हा, "पांढरा पाय घेऊन जा गे मारबत!" वहिनी सड्याची बादली घेऊन दारातच उभी होती. तिनं ऐकलं, मी ऐकलं, साऱ्या गल्लीनं ऐकलं. त्यावर पुन्हा कोणी काही बोललं नाही.

आता वहिनीला गोंदियात एका शाळेत नोकरी लागली होती. एसटीनं रोज जाणं-येणं जमण्यासारखं होतं. तरी तिनं तिथं खोली पाहून ठेवली. मला एकटीला सांगितलं, "बाई, महिना संपला की मी जाते. तुमच्या दादाला यायचं तर येतील." या घरात माझं ऐकून घेणारी ती एकटी. पण तिला थांब म्हणायला माझ्याकडे तोंड कुठं होतं?

त्या रविवारी दादानं नवी गोष्ट काढली. जंगलाच्या कडेला एक गाव. ढोरं मरून राहिली, पोरं तापानं फणफणून राहिली. गावकऱ्यांनी जंगलातल्या एका म्हातारीला धरून आणलं आणि आमच्यापुढे बसवलं. "हिचंच काम आहे. हिचा काय तो निकाल लावा."

माझ्या योद्ध्याला एक मंत्र येत होता. समोरच्यात वाईट आहे का, ते त्या मंत्रानं कळायचं. मी तो टाकला. दादा क्षणभर थांबला अन् म्हणाला, "हो. आहे वाईट."

"बस! हो गया," दोस्त म्हणाला. "उडा देते हैं."

"असं कसं उडवता?" वहिनी म्हणाली. "तिनं केलं काय?"

"ते कोणाला माहीत नाही," दादा म्हणाला.

"मग ती वाईट कशी?"

"मंत्रानं सांगितलं ना."

"काही न करता?"

दादा डोकं खाजवायला लागला. माझंही डोकं फिरलं. बरं, समजा ती वाईटच आहे, नियमानं. पण माणूस आधी वाईट असतो आणि मग वाईट करतो, की करतो म्हणून वाईट होतो? आणि काहीच केलं नसेल तर मंत्राला दिसलं ते काय होतं? म्हातारी हात जोडून बसलेली, म्हणजे शरण आलेली. तिला मारलं तर शपथ मोडते, सोडलं तरी मोडते. दोस्त म्हणे नियम तो नियम. वहिनी म्हणे नियम करणाऱ्यालाच आधी विचारा. अर्धा तास आमची नुसती जुंपली. मी दोघांशीही भांडले, कारण मला दोघांचंही पटत होतं.

आणि मग मला सुचलं. किती छान सुचलं, असं वाटलं मला! मी म्हटलं, "मारायचं नाही अन् गावात ठेवायचंही नाही. हिला मारबत करू. गावाची सगळी रोगराई हिच्या डोक्यावर देऊ आणि वाजतगाजत सीमेपार सोडून येऊ. जीवही वाचला, गावही वाचलं."

"अरे वा!" दोस्तानं ताटली वाजवायलाच घेतली. "घेऊन जा गे मारबत!" मीही ओरडले. मोठ्यानं ओरडले. दादा हसायला लागला आणि मधेच थांबला.

आईचा सुपातला हात थांबला होता. वहिनी चटईकडे पाहत होती. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

वहिनी शांतपणे म्हणाली, "माझी चोरटी तिच्यासोबत जाते."

"वहिनी, खेळ आहे हा!" चूक माझी, अन् आवाजही माझाच चढला.

"हो ना. खेळच आहे. मग जाऊ द्या."

दादानं तिथंच खेळ गुंडाळायला हवा होता. पण तो बावचळला की नियमाला धरतो, जसा बुडणारा म्हशीच्या शेपटीला. "ठीक आहे," तो म्हणाला. "तू सीमेपलीकडे आहेस. काय करतेस?"

"बसते."

"बसून काय करतेस?"

"वाट पाहते. कोणी बोलवायला येते का ते पाहते."

"तुझी पाळी," दादा मला म्हणाला. आणि मी, एरवी तोंडाळ, शपथेचे शब्द आठवत बसले. चोरटीला आणायला मनाई नव्हती, पण ती म्हातारीला सोडून आली नसती, आणि म्हातारीला मीच नुकतं हाकललं होतं. चांगल्या योद्ध्यानं इथं काय करायचं असतं? मला काही म्हणजे काही कळेना. उठून वहिनीचा हात धरावा एवढं साधंही सुचलं नाही.

"कोन बसली तिथं?" आईनं विचारलं.

दादानं माझ्याकडे पाहिलं, मी दादाकडे. शेवटी दोस्त म्हणाला, "काकी, भाभी बैठी है. मतलब, भाभी नहीं... भाभी की चोर."

आईनं सूप बाजूला ठेवलं. "मी जातो आनाले."

"आई, तू खेळात नाहीस," दादा म्हणाला. "तू कोण म्हणून जाशील?"

आईनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "सीमेवर जे बाई बोंबलली होती ना, घेऊन जा म्हनून. ते बाई."

वहिनीनं मान वर केली. दोन वर्षांत तिला आईकडे असं सरळ पाहताना मी पहिल्यांदा पाहिलं. "काय म्हणते ती बाई?"

"चाल म्हनते घरी," आई म्हणाली. "बुढा पडला होता, बैल मेला होता, बायका कान भरून राहिल्या होत्या. कोनाले तरी धरून झोडाव वाटलं तिले. चुकलं म्हनते ते. अन् थे म्हातारी हाय ना, तिले बी घेऊन ये."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि दादा, शहाणा माझा भाऊ, सवयीनं बोलून गेला, "मनवायचं असलं तर फासा टाकावा लागतो." त्याला तिथंच बडवावा असं वाटलं मला. पण आईनं फासा उचललाही होता. बियाणं फेकतात तसा तिनं तो चटईवर टाकला. तीन पडला.

"तीन," दोस्त पुटपुटला. "अरे यार."

"पुन्हा टाक," मी म्हटलं.

"एकदाच टाकता येते," दादा म्हणाला.

"चुलीत घाल तुझा नियम!"

"नको, बाई," वहिनी म्हणाली. "तीन म्हणजे तीन. नाही मानली चोरटी."

आईचं तोंड एवढंसं झालं. वहिनीनं फासा उचलला आणि आईच्या हातात ठेवला. "पुढच्या रविवारी टाका, आई."

"पुढच्या रविवारी तं म्हैना संपून जाते," आई म्हणाली. म्हणजे तिला खोलीचं ठाऊक होतं. कोणी सांगितलं, देव जाणे.

"संपू द्या," वहिनी म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

ही माफी होती की नव्हती? मला विचाराल तर ठाऊक नाही. नसती तर ती पुढच्या रविवारचं बोललीच नसती. आणि असती तर तीन म्हणजे तीन कशाला म्हणाली असती? संध्याकाळी मी दादाला गाठलं. म्हटलं, खरं सांग, ती म्हातारी खरंच वाईट होती का? तो ओशाळला. म्हणाला, "मी ठरवलंच नव्हतं. तू मंत्र टाकला, काहीतरी उत्तर द्यावं लागलं. नाही म्हटलं असतं तर गोष्टच संपली असती." मला त्याचा राग यावा की नाही, तेही कळेना. एवढं रामायण, आणि पाया काय तर गोष्ट संपू नये म्हणून दिलेलं उत्तर.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना पाहिलं, आई ओसरीत एकटी बसून सुपात फासा टाकत होती. एकदा, पुन्हा, पुन्हा. प्रत्येक वेळी वाकून आकडा पाहायची.

"वीस कोनता वो याच्यात?" तिनं विचारलं.

मी फासा फिरवून वीसची बाजू दाखवली.

"एवढूसाच?" ती म्हणाली आणि पुन्हा टाकायला लागली. सरावानं फासा वळत नाही, हे तिला सांगावं की नको, ते न कळून मी चपला घालून तशीच उभी राहिले.