आधी बघते, मग सही

पोलिसांची जीप रामवाडीत शिरली की दुकानांची शटर खाली यायची. पंच व्हायला कोणालाच नको असायचं. एकदा सही केली की पुढे वर्षानुवर्षं कोर्टाचे हेलपाटे. आमच्या पापडाच्या शेडमध्ये मात्र काकी लाटणं ठेवून हात पुसायच्या आणि विचारायच्या, "चला, काय बघायचंय?"

शेडमधलं कोण कधी लाटणार, कोण वाळवणार हे मी ठरवते. काकींच्या नावापुढे मला नेहमी 'कोर्ट नसल्यास' असं लिहावं लागे.

एकदा पाण्याचा पंप चोरीला गेला आणि आदिवासी वाडीतल्या सुदामला पकडलं. पंचनाम्यात हवालदारांनी लिहिलं, 'आरोपीच्या घरातून जप्त.' काकींनी पेन खाली ठेवलं.

"घर कुठलं वो? गोठा हाय हा. चार घरांचा."

"काकी, घर काय नि गोठा काय!"

"मग आज तुम्ही गोठ्यात निजा, हवालदारसाहेब."

हवालदार स्वतःच हसले आणि कागद बदलला.

पुढे कोर्टात तारखांवर तारखा पडल्या. दिवस वाया जातो म्हणून काकी पोह्याच्या पापडाचं पीठ डब्यात घालून न्यायच्या आणि आवारातल्या झाडाखाली बसून लाट्या करायच्या. तेलात बुडवलेली एक लाटी शिपाईदादांना ठरलेली. एकदा सुदामची आई शेजारी येऊन बसली. "काकी, माझ्या पोराला सोडवा गो."

"मी कोण सोडवणार? बघितलं तेवढंच सांगीन. तोवर हाताला तेल लाव."

थोड्या वेळानं पंपमालकाची बायको आली. "पंप आमचाच, असं ठासून सांगाल ना?"

"तुमचाच हाय. पण मिळाला गोठ्यात. बस, तूपण लाट्या कर."

दोघी एकमेकींकडे पाठ करून लाट्या करत राहिल्या. माझं त्या दिवसाचं काम मात्र वेळेआधी झालं!

साक्षीच्या दिवशी सुदामच्या वकिलांनी विचारलं, "गोठ्याला कुलूप होतं?"

"कुलपाला आधी दार नको का, साहेब? नुसती ताटी हाय. तीपण बकरी ढकलते."

न्यायाधीशसुद्धा हसले. पंप तिथे कोणीही ठेवू शकला असता, म्हणून सुदाम सुटला. पंप मालकाला परत मिळाला. आठवड्याभरात त्या दोघी बायका एकाच रिक्षातून शेडवर आल्या. एकीकडे वालाच्या शेंगा, दुसरीकडे पेढे. काकींनी दोघींच्या हातात लाटणी दिली. "आलाच आहात, तर बसा."

आता काकी रोह्याला लेकीकडे असतात. फोनवर आधी शेडची चौकशी, मग माझी.

परवा जीप आली. समोरची शटर पडली. शेडमधल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. मी हात पुसले आणि विचारलं, "चला, काय बघायचंय?"