मामांचा हत्ती

कोल्हापुरात आजारी पडायचं असेल, लोळत पडायचं असेल किंवा नुसतं 'हल्ली काही सुचत नाही' असं म्हणायचं असेल, तर माझ्या बायकोचे मामा आसपास नाहीत ना याची आधी खात्री करून घ्यावी. मामा डॉक्टर नाहीत, वैद्य नाहीत, तालमीतले वस्तादही नाहीत. त्यांचा जन्म गेला साड्यांच्या दुकानात, गादीवर बसून काठपदर उलगडण्यात. पण शरीर धडधाकट आणि डोकं ताजं कसं ठेवावं या दोन विषयांवर त्यांनी न विचारता जेवढे सल्ले दिलेत, तेवढे विचारूनसुद्धा कुणी दिले नसतील. लग्नात मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर आशीर्वाद देण्याऐवजी त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "पावणं, कंबर लई कडक हाय. रोज उकिडवं बसत जावा." मामांकडून मला मिळालेला हा पहिला आहेर. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या लेखी मी पावणंच आहे, आणि माझी कंबर अजून कडकच आहे.

उकिडवं बसणं हा मामांच्या आरोग्यशास्त्राचा पाया. ते पेपर उकिडवे बसून वाचतात, चहा उकिडवे बसून पितात, आणि एका लग्नात तर गुबगुबीत सोफ्यावर चक्क उकिडवे बसलेले मी पाहिलेत. समोरच्या पानपट्टीवाल्याचं पोट सुटलं तेव्हा मामांनी त्याचं स्टूल काढून घेतलं आणि त्याला उकिडवं बसून पानं लावायला सांगितलं. बिचारा कित्येक दिवस गिऱ्हाईकांना दिसतच नव्हता, नुसता काउंटरमागून हात वर यायचा. आहाराबाबत त्यांचं म्हणणं सुटसुटीत आहे. तांबडा रस्सा अंगाला, पांढरा रस्सा डोक्याला. रंकाळ्यावर फिरायला जावं, पण सगळे ज्या बाजूने चालतात त्याच्या उलट. "लोकांच्या पाठी बघून काय सुचणार हाय तुम्हाला? तोंडं बघा की!" असं ते म्हणतात. तोंडं बघितली की नमस्कार आला, नमस्कार आला की चौकशी आली, आणि चौकशी आली की सल्ला आलाच. त्यामुळे मामांचा फेरा कधी पूर्ण होत नाही, आणि त्यांना पाहून बाकीच्यांचा मात्र फार लवकर होतो.

डोकं ताजं ठेवण्यासाठी त्यांनी मला डाव्या हाताने भांग पाडायला लावला होता. ऑफिसात साहेबांनी घरी सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारल्यावर मी तो प्रयोग थांबवला. मामांचं खरं रामबाण औषध म्हणजे अनोळखी गावची एसटी. सुचेनासं झालं की स्टँडवर जायचं, जी गाडी सुटत असेल तिच्यात बसायचं, उतरायचं, चहा प्यायचा, हिंडायचं आणि परत यायचं. एकदा भर पावसात ते असे चंदगडला जाऊन आले. नखशिखान्त भिजले, पण येताना नेच्याचं एक पान रुमालात जपून आणलं. इचलकरंजीत मागाच्या शेडबाहेर उभं राहून त्यांनी अर्धा दिवस खटखट ऐकली. आणि दिवसा आडवं होणं तर त्यांना बिलकूल खपत नाही. रविवारी दुपारी मी नेमका कलंडलो की त्यांचा फोन येतो. "पावणं, आडवं झालासा न्हवं? उठा! दिवसा आडवा झालेला माणूस डोक्यानं आडवा हुतो." त्यांना कसं कळतं, देव जाणे. मला बायकोवर संशय आहे.

ते नेच्याचं पान आणि ती खटखट जायची कुठे, तर मामांच्या रांगोळीत. नवरात्रात अष्टमीला अंबाबाईची स्वारी नगरप्रदक्षिणेला निघते आणि तिच्या वाटेवर घरोघरची माणसं रस्ताभर रांगोळ्या काढतात. मामांचं घर त्याच वाटेवर. घराच्या उंबऱ्यापुढची रांगोळी मामींची आणि रस्त्यावरची मामांची, ही त्या घरातली जुनी वाटणी. ना खडू, ना चाळणी. उकिडवे बसून, बेडकासारखे सरकत, चिमटीतून सोडलेल्या रेघेने मामा रस्ताभर हत्ती काढायचे. हत्ती दरवर्षी तोच, झूल मात्र दरवर्षी नवी, एखाद्या वर्षी मागाच्या खटखटीच्या ठेक्यावर आडव्याउभ्या रेघांची. स्वारी आली की तासाभरात सगळं पायाखाली पुसलं जायचं आणि मामा खुशीत म्हणायचे, "ऱ्हायलं असतं तर फुडच्या वर्षी काय काढलं असतं?"

गेल्या वर्षी मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की आता उकिडवं बसायचं नाही, कधीच नाही. मामा "बरं" म्हणाले आणि गप्प झाले. इतके गप्प की मामींनी घाबरून माझ्या बायकोला फोन केला. "अगं, चार दिस झालं, मी उभ्यानं घटाघटा पाणी पितीया, तरी काय बोलंनात!" रविवारी मी दिवसभर आडवा पडून पाहिलं, फोन आला नाही. मला कधी वाटलं नव्हतं, पण त्या दुपारी मला चैन पडेना. अष्टमी जवळ आली तशी आम्हा सगळ्यांच्या मनात एकच धास्ती. घरापुढचा रस्ता मोकळा राहिला, तर हा माणूस पुन्हा बोलायचा नाही. मामा मात्र म्हणाले, "ऱ्हाऊ दे मोकळा."

अष्टमीच्या दुपारी मामींनी पदर खोचला, रांगोळीची बादली रस्त्यात आणली आणि आम्हा नवराबायकोला आणि पानपट्टीवाल्याला कामाला लावलं. मामा वर गॅलरीत, खुर्चीवर, पाठ फिरवून बसले होते. मी सोंडेला हात घातला. थोड्या वेळाने वरून आवाज आला, "पावणं, सोंड हाय का पडवळ?"

मामींनी माझ्याकडे बघून डोळ्याला पदर लावला. मग काय विचारता! गॅलरीच्या कठड्याला धरून मामा ओरडायला लागले. "कान वर घ्या! पाय जाड करा, हत्ती हाय, कोंबडी न्हवं!" सगळ्यांत सुरेख सरकत होता पानपट्टीवाला. त्याच्याकडे बघून मामा म्हणाले, "बघा गुडघं! माझं औषध हाय ते!" दिवे लागले तेव्हा हत्ती तयार होता, झुलीवर नेच्याची पानं होती, आणि मामांचा घसा पार बसला होता.

लांबून वाजंत्री ऐकू आली आणि पुढे आलेली माणसं आमच्या घरापाशी थांबून हसू लागली. आम्ही त्यांच्या बाजूला जाऊन पाहिलं. मामांनी हत्ती सांगितला होता गॅलरीतून, त्यामुळे तो फक्त गॅलरीतून बघणाऱ्यालाच उभा दिसत होता. स्वारीच्या वाटेने येणाऱ्याला तो चक्क कुशीवर पडलेला दिसत होता. आम्ही चौघं चार तुकडे काढण्यात गुंतलेलो, कुणाच्याच ध्यानात आलं नाही. "मामा, तुमचा हत्ती झोपलाय की!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

मामा काठी टेकत खाली आले. हत्तीच्या तोंडापाशी जाऊन उभे राहिले.

"झोपंल न्हाई तर काय," मामा म्हणाले. "किती वर्सं उभा हाय त्यो. पर डोळा उघडा ठेवून कोण झोपतंय?"

ते खाली बसायला गेले तशा मामी ओरडल्या, "अवो, गुडघा!"

"उकिडवं बसू नका म्हणालाय डाक्टर. आडवं होऊ नका म्हणाला न्हाई," म्हणत मामा माझ्या खांद्याचा आधार घेऊन सावकाश रस्त्यावर टेकले आणि कुशीवर झाले. हत्तीच्या शेजारी, हत्तीसारखेच. बोटाने त्यांनी उघडा डोळा पुसला आणि चिमटीतून एकच रेघ सोडली. हत्तीने डोळा मिटला. हसणारी माणसं टाळ्या वाजवायला लागली. स्वारी आली, गेली, हत्ती पुसला गेला. मामा उंबऱ्यात बसून ते रंग विस्कटताना बघत होते आणि त्यांच्या कोपराला झुलीचा हिरवा रंग लागला होता.

परवा रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो, तर मामा कॉटवर आडवे. भर दिवसा. मी दारातच थबकलो. इतकी वर्षं ज्या माणसाने मला पडू दिलं नाही, तो असा पडलेला पाहून गलबलून आलं. मग आवाज न करता मी खुर्ची ओढली.

"पावणं," मामा डोळे मिटूनच म्हणाले, "खुर्ची ऱ्हाऊ दे. आता माझ्या वाटणीचं बी तुम्हीच बसायचं."

मी खुर्ची सरकवली आणि त्यांच्या कॉटशेजारी उकिडवा बसलो.