बाबांच्या आवाजाच्या फाइली

बाबांचं स्वरयंत्र काढायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "काही शंका आहे का?" बाबा म्हणाले, "गाता येईन का?" डॉक्टर नाही म्हणाले.

बाबा कन्हानकडच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. तिथल्या बुद्धविहारात पौर्णिमेला गाणारं एक मंडळ आहे, त्यात पहिला आवाज त्यांचा. ऑपरेशनसाठी ते माझ्याकडे नागपुरात नंदनवनला राहायला आले. मी घरूनच काम करते: शाळेच्या धड्यांचं वाचन, दुकानांच्या जाहिराती, असं काहीबाही रेकॉर्ड करून देते. मागच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या आहेत, तोच माझा स्टुडिओ. ऑपरेशनच्या आधी रोज दुपारी मी बाबांना त्या खोलीत बसवलं. कूलर बंद ठेवला, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. घामाने निथळत ते गात राहिले. मध्येच खाणीतल्या गोष्टी सांगायचे, मध्येच म्हणायचे, "पाणी दे वं."

त्यातलं एक गाणं त्यांनी स्वतः रचलेलं. छप्पन साली आजोबा दीक्षा घ्यायला नागपूरला आले तेव्हा बाबा तान्हे होते, आजोबांच्या खांद्यावर. त्यांना त्यातलं काही आठवत नाही, सगळं ऐकलेलंच. तरी गाणं असं, की जणू त्या खांद्यावरून ते सगळी गर्दी पाहत आहेत.

ऑपरेशन झालं. गळ्याला खालच्या बाजूला श्वासासाठी छिद्र राहिलं, त्यावर बाबा पांढरा रुमाल बांधतात. बोलायचं झालं तर मोबाइलवर टाइप करून फोन माझ्यापुढे धरतात. बोलायचे तसंच लिहितात, एकही शब्द शुद्ध करत नाहीत.

त्याच सुमारास माझा जुना कम्प्युटर फार अडायला लागला. मी लॅपटॉप घेतला, कामाची फोल्डरं त्यावर उतरवली आणि जुना कम्प्युटर भिवापूरला मामांकडे दिला. मामांचं तिथे मिरचीचं दुकान आहे, त्यांना बिलं करायला तो पुरेसा होता.

पुढच्या उन्हाळ्यात मंडळातल्या ढोलकीवाल्या काकांचा फोन आला. "बुद्धपौर्णिमेले तुह्या बाबाचं गाणं लावू. आमी मागून कोरस देतो. तुह्याकडे आहे ना रेकॉर्डिंग?"

"आहे ना काका," मी म्हणाले. बाबा समोर बसून ऐकत होते. त्यांनी मान डोलावली आणि लगेच रुमाल नीट केला, जणू आत्ताच स्टेजवर जायचं आहे.

मी लॅपटॉपवर बाबांच्या रेकॉर्डिंगचा प्रोजेक्ट उघडला. ट्रॅक सगळे जागच्या जागी दिसले, त्यांना मी दिलेले रंगही तेच. पण आवाजाच्या रेघा नव्हत्या. प्रत्येक पट्टी सपाट, राखाडी, आणि वर एक सूचना: फाइली सापडत नाहीत. प्ले दाबलं तर बारीक रेघ पुढे सरकत गेली, आवाज काही नाही.

मी उठले, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याले, परत येऊन तेच केलं. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. मग फोल्डरचा आकार पाहिला. इतक्या दुपारींचं गाणं-बोलणं इतक्या लहान फोल्डरात मावणं शक्यच नव्हतं. प्रोजेक्टच्या फाइलीत आवाज नसतोच, आवाज कुठे ठेवला आहे त्याचा फक्त पत्ता असतो. आणि तो पत्ता जुन्या कम्प्युटरच्या दुसऱ्या ड्राइव्हचा होता. पहिल्या ड्राइव्हवर जागा संपली म्हणून बाबांची रेकॉर्डिंग मी तिकडे वळवली होती. घर उचलून आणलं होतं, माणसं तिकडेच राहिली होती.

बाबा दारात आले. हाताने विचारलं, काय झालं?

"काही नाही बाबा, सेटिंग करून राहिली."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि दारातच उभे राहिले. मी मामांना फोन लावला.

"कम्प्युटर एकदम मस्त आहे वं बाई," मामा म्हणाले. "लय हळू चालून राहिला होता. मग बिलाचं सॉफ्टवेअर टाकाले एक जण आला होता, त्यानं साफसफाई करून दिली."

"साफसफाई म्हणजे काय केलं मामा? काय काय काढलं?"

"ते मले काय माहीत? मोठ्या मोठ्या फाइली काढल्या म्हणे. काहून, काय झालं?"

मी म्हटलं, "आता त्याला हातच लावू नका. बंद करा. मी येऊन राहिली."

दुसऱ्या दिवशी दिघोरी चौकातून भिवापूरची बस धरली. बाबा निघायला तयार होऊन बसले होते, पण मिरचीच्या दुकानात त्यांना नेणं शक्य नव्हतं. गळ्याच्या त्या छिद्रातून मिरचीची पूड आत गेली तर खोकता खोकता जीव जाईल. ते रागावून आत गेले. उमरेडपर्यंत मी दोनदा मामांना फोन केला, कम्प्युटर बंदच आहे ना विचारायला. दुसऱ्यांदा मामीने उचलला आणि म्हणाली, "अवं, प्लगच काढून ठेवला त्याइनं."

दुकानात पोत्यांच्या मधल्या जागेत टेबल होतं. मी तोंडाला ओढणी बांधून बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यामुळे घाबरून रडते आहे की मिरचीने, हे मामांना कळत नव्हतं. त्यांनी बिचाऱ्यांनी ताक आणून ठेवलं आणि गिऱ्हाइकांना बाहेरच थांबवलं.

ड्राइव्ह उघडली. फोल्डर होतं, पण अर्धं रिकामं. बहुतेक गोष्टी वाचल्या होत्या: खाणीतल्या पाळीच्या, आईशी लग्न ठरल्याच्या. तीन गाणी होती. खांद्यावरचं गाणं बाबांनी पुन्हा पुन्हा गाऊन दिलं होतं; त्यातला शेवटचा, सगळ्यात चांगला टेक नव्हता. रीसायकल बिन रिकामं. पुसलेल्या फाइली परत आणणारं एक सॉफ्टवेअर मी आदल्या संध्याकाळी पेन ड्राइव्हवर घेतलं होतं, ते लावलं. दुपार त्यात गेली. एक फाइल आली, नावावरून तीच. लावली तर नुसता खरखराट.

"नाही मिळाली?" मामांनी विचारलं.

"एक नाही मिळाली. त्याच्या आधीचा टेक आहे."

मामांनी हातातलं पोतं खाली ठेवलं. मग म्हणाले, "मले सांगाले पायजे होतं त्याले, काही काढू नको म्हणून." मी म्हटलं, तुमचा काही दोष नाही मामा, आणि जे होतं ते सोबत आणलेल्या हार्ड डिस्कवर उतरवायला लावलं. उतरत असताना मी स्क्रीनवरची कॉपीची पट्टी भरताना पाहत होते, मध्ये लाइट जाईल की काय या भीतीने. बसमध्ये डिस्क पर्समध्ये घालून पर्स मांडीवर घेऊन बसले, सारखी ती आहे का ते चाचपत होते.

घरी आल्यावर सॉफ्टवेअरला नवा पत्ता दाखवला. राखाडी पट्ट्यांत एकेक करून रेघा उमटल्या. गाण्याच्या जागी आधीचा टेक ठेवला. बाबांना हाक मारली, हेडफोन दिला, प्ले दाबलं.

त्यांनी थोडं ऐकलं, हेडफोन काढला आणि मोबाइलवर लिहिलं: "हा कोन आहे"

मी ऐकलं. आवाज बाबांचाच, पण बारीक, चढा, घाईतला. कुठलातरी तरुण माणूस बाबांची नक्कल करत असावा तसा. मला वाटलं फाइलच खराब झाली. पुन्हा भिवापूर, पुन्हा तोच कम्प्युटर, असं डोक्यात फिरायला लागलं. मी खोलीत येरझारा घालू लागले. बाबांनी बोटाने टेबलावर टकटक केली, बस अशी खूण केली.

बसल्यावर सुचलं. आवाज साठवताना कम्प्युटर त्याचे सेकंदाला हजारो बारीक तुकडे करतो. जुना कम्प्युटर कमी तुकडे करायचा, आणि हा लॅपटॉप जास्त आहेत असं धरून ते भराभर वाजवत होता. म्हणून गाणं पळत होतं. सेटिंगमध्ये जुना आकडा टाकला आणि पुन्हा लावलं.

आता बाबा होते. जाडसर, जरा घोगरा, ओळीच्या शेवटी किंचित खाली उतरणारा आवाज. त्यांनी डोळे मिटले नाहीत, काही नाही. मांडीवर बोटांनी ताल धरला आणि कडक चेहऱ्याने ऐकत राहिले, परीक्षकासारखे. शेवटच्या कडव्याआधी रेकॉर्डिंगमध्ये ते खोकले आणि म्हणाले, "थांब वं. पुन्हा घेऊ." मग माझा आवाज, "घ्या बाबा." आणि मग कडवं.

बाबांनी लिहिलं: "हे काप"

"राहू द्या ना बाबा. तुमचं बोलणं आहे."

त्यांनी मान हलवली. लिहिलं: "गान्यात खोकला राह्यते का. लोक काय मनतीन"

मी पुन्हा म्हटलं, राहू द्या. त्यांनी तेच वाक्य पुन्हा माझ्यापुढे धरलं. गायक ते होते, निर्णय त्यांचा. मी कापलं. मूळ फाइल तशीच ठेवली, हेही त्यांना सांगितलं. कापलेली जागा त्यांनी पुन्हा पुन्हा ऐकली आणि श्वासाचा एक तुकडा राहिला होता तोही दाखवून काढायला लावला.

पौर्णिमेला कन्हानला गेलो. विहारात सतरंज्या पडल्या होत्या, स्पीकरची वायर खिडकीतून आत घेतली होती. लॅपटॉप मी मांडीवर धरला, कुणाला हात लावू दिला नाही. गाणं सुरू झालं तेव्हा बाया बोलायच्या थांबल्या. ढोलकीवाले काका सुरुवातीला बाबांकडे बघतच राहिले आणि त्यांचा ठेका चुकला. बाबांनी हवेत हात उचलून त्यांना ताल दाखवला. मग ते मंडळासमोर जाऊन बसले आणि शेवटपर्यंत हातानेच सगळ्यांना चालवलं, कुठे वर, कुठे हळू, कुठे गप्प. कोरस तरीही दोनदा मागे पडला. गाणं संपल्यावर काकांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला, सोडलाच नाही बराच वेळ.

परतताना ऑटोत मी विचारलं, "बरं झालं ना बाबा?"

त्यांनी खूप वेळ टाइप केलं. ऑटो हलत होता, अक्षरं चुकत होती. मग फोन पुढे केला: "कोरसवाल्याइले सुदराव लागन. पुडच्या पौर्निमेआदी त्याइले बलाव. मी बसून शिकवतो"

मी म्हटलं, "बोलावते." त्यांनी फोन खिशात ठेवला आणि रस्त्याकडे पाहत मांडीवर पुन्हा ताल धरला.